खणात बांधलेलं पुस्तक

“तुझं पुस्तक ना? रोज फूल वाहते त्याला,” मालनकाकू म्हणाल्या आणि मला हाताला धरून देवघरापाशी घेऊन गेल्या.

देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर लाल खणाची दोन बासनं शेजारी शेजारी ठेवलेली होती. एकात अधिक महिन्याची पोथी, दुसऱ्यात माझं पुस्तक. दोन्हींवर हळदकुंकू, दोन्हींवर मोगऱ्याचं एकेक फूल. काकूंनी तेवढ्यात वाकून नमस्कारही केला. मी नुसती उभी राहिले. आपणच लिहिलेल्या पुस्तकाला नमस्कार करायचा की नाही, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

“वाचलंत का काकू?”

“वाचायचं म्हणजे सोवळ्यानं, एका बैठकीत. उगाच घाईत कसं उघडायचं?”

“त्यात देवाधर्माचं काही नाही हो. साध्या गोष्टी आहेत. बायकांच्या.”

“वर समई आहे की,” काकू म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपला.

समई होती खरी. सोलापूरच्या ज्या छापखान्यात मी स्वतःच्या खर्चाने पुस्तक छापून घेतलं, तिथले मालक मुख्यतः स्तोत्रांच्या पुस्तिका छापत. पुस्तकाचं नाव ‘बारा वाती’ आहे हे ऐकल्याबरोबर त्यांनी त्यांच्याकडचं समईचं चित्र काढून वर बसवलं. मला नाही म्हणता आलं नाही. मला कुणालाच कधी नाही म्हणता आलं नाही. आवाज मुळातच लहान, आणि लहान आवाजाचं नाही कुणाला ऐकू जात नाही.

तीनशे प्रती होत्या. बार्शीतल्या आमच्या घरी दिवाणाखाली खोकी रचून ठेवली होती. वर्षभरात मी जे जे लोक सांगतील ते ते केलं. दुकानात पाच प्रती ठेवल्या; तीन महिन्यांनी पाचही परत आल्या, वर धूळ तेवढी नवीन. प्रकाशन समारंभाला एकवीस माणसं आली, त्यातली सोळा आमच्याच आडनावाची. वाचनालयाने दोन प्रती आनंदाने घेतल्या, शिक्का मारला आणि काचेच्या कपाटाला कुलूप लावलं. भाचीने फेसबुकवर मुखपृष्ठ टाकलं, तर शेसव्वाशे लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. पुस्तक मागणारा त्यात एकही नव्हता.

शेवटी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मी चाळीस बायकांना ओटीबरोबर पुस्तक दिलं. वाटलं होतं, घराघरांत गेलं की कुणीतरी उघडेलच. तिथेच माझं चुकलं. हळदीकुंकवाला मिळालेलं, ओटीच्या तांदळात ठेवलेलं आणि वर समई असलेलं पुस्तक आमच्याकडच्या बायका कुठे ठेवतील, हे मला कळायला हवं होतं. मी स्वतःसुद्धा तिथेच ठेवलं असतं.

मग अधिक महिना लागला. दर तीन वर्षांनी येणारा हा जादा महिना त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात, ज्येष्ठात आला होता. माझे नेम नेहमीचे होते. महिनाभर एकच वेळ जेवायचं, तेही दुपारी, आणि पानावर बसल्यापासून उठेपर्यंत बोलायचं नाही. त्या वर्षी मी आणखी एक गोष्ट मनात धरली. महिना संपेपर्यंत आपल्या नात्यात नसलेल्या एका तरी माणसाने हे पुस्तक खरोखर वाचलं, तर खोकी ठेवायची. नाहीतर रद्दीत द्यायची आणि पुन्हा लिहायचं नाव काढायचं नाही.

हे मी फक्त यांना सांगितलं. यांनी चष्मा पुसत विचारलं, “देवाला सांगितलंस?”

“सांगितलं.”

“मग मी काय बोलणार?” हे म्हणाले. पण खालच्या खोक्याला वाळवी लागायला सुरुवात झाली आहे आणि रद्दीवाला परवा कोपऱ्यावर भेटला होता, तेवढं त्यांनी सांगून ठेवलं.

म्हणून मी घरोघर फिरत होते. सकाळी पूजा आटोपायची, पिशवी घ्यायची आणि दोन-तीन घरं करायची. कुणाकडे विचारायचं धाडस होई, कुणाकडे नुसतं पाणी पिऊन परत येई. ऊन असं की चपलेच्या तळातून चटका लागायचा. चौदा घरं झाली, त्यांतल्या नऊ घरांत पुस्तक देवाजवळ होतं. तीन घरांत ते वाण म्हणून पुढे दुसऱ्या कुणाला दिलं गेलं होतं. एकीने नातवाला ताप आला तेव्हा त्याच्या उशाशी ठेवलं, ताप उतरला, म्हणून आता लेकीसाठी आणखी एक प्रत हवी होती तिला. मी दिली. उरलेल्या घरात कुणाला काही आठवतच नव्हतं.

मालनकाकूंचं घर पंधरावं. बहात्तर वर्षांच्या त्या बाईंचा शब्द आमच्या भागातल्या सगळ्या बायका मानत. त्यांनी एकदा म्हटलं असतं की शशिकलेचं पुस्तक वाचा, तर चाळीसच्या चाळीस बासनं सुटली असती. म्हणूनच त्यांच्याकडे मी सगळ्यात शेवटी गेले होते.

त्यांची सून संपदा पाणी घेऊन आली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि सगळं लक्ष मोबाईलकडे. मी निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत आली आणि कडी लावता लावता म्हणाली, “मावशी, आईला लातूरला ॲडमिट केलंय. चार दिवस झाले.”

“मग तू गेली नाहीस?”

ती सांगत गेली ते असं. भाऊ म्हणतो काळजीचं कारण नाही, पण त्याचा आवाज तसा वाटत नाही. इकडे सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उद्यावर आलेलं, जावयाच्या वाणाचे तेहतीस अनारसे रविवारी तळायचे, आणि महिनाभर पोथी ऐकायचा संकल्प केलेला. सासूबाई म्हणाल्या, पाचच दिवस राहिलेत, महिना संपला की लगेच जा. संकल्प अर्धा टाकून गेलीस तर आईलाच बाधेल. चिडून नव्हत्या म्हणाल्या. पाठीवर हात फिरवून म्हणाल्या.

“खरंच बाधतं का हो?” संपदाने विचारलं.

ऊन फार होतं. पदर डोक्यावर घेतला आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी काकूंचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा निरोप आला. वाचायला मनाई आहे, तेव्हा आज मंदिरात अध्याय तू वाच. मला नवल वाटलं, कारण पोथी वाचावी तर काकूंनीच. त्यांचा आवाज पार दीपमाळेपर्यंत जायचा. पण श्रवणाला येणाऱ्यांत त्यांच्या खालोखाल माझ्याइतकं स्वच्छ वाचणारी कुणी नव्हती, असं त्यांचं म्हणणं पडलं.

दत्ताच्या देवळाच्या सभामंडपात आम्ही अकरा बायका जमलो. गुरव नैवेद्य दाखवून घरी गेले होते. डॉक्टरांनी घरी बसायला सांगितलेलं असूनही काकू आल्या होत्या. उजव्या डोळ्यावर पट्टी, डावा डोळा आधीपासूनच अधू. संपदाने त्यांना धरून आणलं आणि आसनावर बसवलं. बासन मात्र त्यांनी स्वतःच छातीशी धरलं होतं. “सव्वीस वर्षं ही पोथी माझ्याच हाताने देवघरातून निघते,” त्या म्हणाल्या. “डोळ्यांनी कशाला बघायची?”

सगळ्यांना कुंकवात भिजवलेल्या अक्षता वाटल्या गेल्या. काकूंची शिस्त ठरलेली होती. अक्षता मुठीत घेतल्या की वाचन पुरं होईपर्यंत कुणी उठायचं नाही, मग अंगणात धाड पडो. वाचन संपलं की अक्षता पोथीवर वाहायच्या, तेव्हा मोकळं. मागच्या अधिकात एक बाई मध्येच फोन घ्यायला उठली, तर तिला काकूंनी दुसऱ्या दिवशी उपास करायला लावला होता.

काकूंनी संकल्प सांगितला. आम्ही मुठी मिटल्या. मी बासनाची गाठ सोडली.

आत समई होती.

खणाचे चारही पदर उघडे पडलेले आणि मध्ये माझं पुस्तक, कपाळी सुकलेलं हळदकुंकू. महिनाभर मी ज्या क्षणासाठी उन्हातान्हात फिरले तो हाच असेल असं तेव्हा काही वाटलं नाही.

“वाच की गं,” काकू म्हणाल्या.

“काकू, ही पोथी नाही.”

“म्हणजे?”

“माझं पुस्तक आहे. हाताला दुसरं बासन लागलं तुमच्या.”

कुणीतरी हसू दाबलं. मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. एकीचं म्हणणं, घरी कुणाला फोन करून पोथी मागवावी. पण घराला कुलूप, किल्ली संपदाच्या कमरेला, आणि संपदाच्या मुठीत अक्षता. दुसरी म्हणाली, मोबाईलवर असेल की पोथी, काढा.

“आणि अक्षता कशावर वाहायच्या, मोबाईलवर?” काकूंनी विचारलं. “उद्या त्यालाच खण बांधाल.”

काकू पट्टीवरून बोट फिरवत विचार करत राहिल्या. बाहेरच्या पिंपळावर कावळा ओरडत होता. मग त्या म्हणाल्या, “अध्याय संध्याकाळी घरी बसून पुरा करू. पण मूठ मिटली आहे, काही ऐकल्याशिवाय ती उघडायची कशी? दोन महिने होत आले, फूल वाहतेय मी त्या पुस्तकाला. आज आलंय आपल्या पायांनी, तर वाच. बारा आहेत ना? त्यातली कुठलीही एक.”

कुठलीही एक.

पहिली गोष्ट लोणच्याच्या बरणीची. दोन जावा एका बरणीवरून सात वर्षं बोलत नाहीत आणि आठव्या वर्षी बरणी फुटते, अशी. ती वाचली असती तर सगळ्या हसल्या असत्या, काकूही हसल्या असत्या. घरी जाऊन बासनं सुटली असती, माझी खोकी वाचली असती. पुस्तक हातात घेतलं तेव्हा माझं बोट पहिल्याच गोष्टीत होतं.

समोरच्या रांगेत संपदा बसली होती. मोबाईल तिने मांडीखाली ठेवला होता, आवाज बंद करून. तो थरथरला. तिने मूठ आणखी घट्ट केली आणि डोळे मिटून घेतले.

मी सातवी गोष्ट काढली.

माझा आवाज दुसऱ्या रांगेपुढे जाईना. मागच्या बायका बसल्या जागेवरून सरकत सरकत पुढे आल्या, उठायचं नव्हतं ना. शेवटी माझ्या गुडघ्यांना त्यांचे गुडघे लागले. गोष्ट दुर्गा नावाच्या बाविशीतल्या मुलीची. नवं लग्न, सासरी सात दिवसांचं पारायण तिने धरलेलं. सहाव्या दिवशी माहेरून तार येते, आईचं जास्त आहे, निघून ये. सासू तार वाचून घडी करते आणि देवाच्या फोटोमागे ठेवते. पुढचं मी वाचलं ते मला अजून पाठ आहे.

“सासूबाई म्हणाल्या, एकच दिवस राहिलाय. आता उठलीस तर तुझ्या आईलाच लागेल. दुर्गा उठली नाही. आईसाठीच उठली नाही. सातव्या दिवशी तिने शेवटचे तीन अध्याय वाचले, नैवेद्य दाखवला, सवाष्णी जेवू घातल्या, त्यांची उष्टी काढली आणि दुपारची गाडी पकडली. प्रसादाचा लाडू आईसाठी रुमालात बांधून घेतला होता. गाडी गावात शिरली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. वळणावरूनच घर दिसलं. दारापुढे उघड्यावर तीन दगडांची चूल मांडून कुणी पाणी तापवत होतं.”

गोष्ट तिथे संपते. दारापुढे पाणी कशासाठी तापवतात, हे तिथल्या कुणालाच सांगायची गरज नव्हती.

अक्षता वाहायला कुणी हात पुढे केला नाही. एरवी अध्याय संपायच्या आत अर्ध्याजणी मुठी सैल करून चपला शोधायला लागायच्या. मी पुस्तक मिटलं आणि खाली बघत राहिले. आपण देवळात बसून भलतंच काही केलं, असं वाटत होतं. आणि इतकी दमले होते की तिथेच खांबाला टेकून डोळे मिटावेत.

“शशिकला,” काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज माझ्याएवढा लहान झाला होता. “त्या शेवटच्या तीन अध्यायांतलं एक अक्षर तरी तिच्या लक्षात राहिलं का गं?”

“नाही काकू,” मी म्हटलं. “अजून नाही आठवत.”

पट्टी नसलेला डोळा त्यांनी माझ्याकडे वळवला. त्याला किती दिसत होतं कुणास ठाऊक.

“तरी तू नेम धरतेस.”

“देवाने कुठे अडवलं होतं मला?”

काकूंनी मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसतीच, ते कळलं नाही. मग हात लांब करून चाचपडत विचारलं, “संपदा कुठाय?”

“इथेच आहे आई.”

“लातूरची गाडी किती वाजता?”

“दीडला एक आहे.”

“मग बसलीस काय? घरी जाऊन दोन लुगडी पिशवीत टाक.”

“संकल्प…”

“तो मी सांगितलाय, मी बघेन.”

“डोळ्यात औषध घालायचं दर दोन तासांनी. आणि रविवारी अनारसे…”

“जावई काही उपाशी नाही मरत अनारशांवाचून. आणि औषध ही घालेल, शशिकला. आता एवढं बोललीय तर.”

मग त्यांनी मूठ उघडली. घामाने कुंकू सुटून तळवा लाल झाला होता, तांदूळ हाताला चिकटले होते. दुसऱ्या हाताने त्यांनी सुनेचं डोकं शोधलं आणि पुस्तकावर वाहायच्या त्या अक्षता तिच्या केसांत सोडल्या. ते बघून बाकीच्या बायकाही गुडघ्यांवर सरकत आल्या आणि त्यांनीही तसंच केलं. मी शेवटची. संपदा उठली तेव्हा तिच्या खांद्यांवरून तांदूळ ओघळत होते. चप्पल न घालताच ती पायऱ्या उतरली. दुसऱ्या कुणीतरी मागून हाक मारून चप्पल दिली.

त्याच दिवशी ती पोचली. तिच्या आई बोलत होत्या. पुढे नऊ दिवस बोलत होत्या.

त्यानंतर दोन अधिक महिने येऊन गेले. काकूंनी पट्टी निघाल्यावर महिन्याभरात पुस्तक स्वतः वाचून काढलं, बाराही गोष्टी, आणि खण मला परत पाठवला. त्याबरोबर निरोप होता की पुस्तक आता स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी असतं, त्याला फोडणीचे डाग पडले आहेत, रागावू नकोस. मी पिशवी घेऊन फिरणं सोडलं. कुणी बोलावलं तर रिकाम्या हाताने जाते, एक गोष्ट वाचते, घरी येते. भिशीत, भजनी मंडळात, एकदा तर पापड लाटणाऱ्या बायकांमध्ये. ऐकलेल्यांपैकी कुणीतरी दुसऱ्या दिवशी उरलेल्या अकरा मागायला येतं. सगळीकडे येतंच असं नाही. दिवाणाखाली अजून एक खोकं आहे, आणि मी अजून तशीच दमते.

पण त्या दुपारी यातलं काहीच घडलेलं नव्हतं. काकूंना घरी पोचवून, डोळ्यात थेंब घालून मी आले तेव्हा दोन वाजत आले होते. यांनी पान मांडून ठेवलं होतं, वरणभातावर झाकण. खोकी दिवाणाखालून ओढून दाराशी आणलेली दिसली. माझ्याकडे न बघता हे म्हणाले, “रद्दीवाला येऊन गेला. चारला परत येतो म्हणाला. महिना संपायला तीन दिवस आहेत म्हणून सांगितलं, तर म्हणाला नुसती बघून जातो.”

“येऊ नको म्हणावं त्याला,” मी पाय धुता धुता म्हटलं.

हे थांबले. “कुणी वाचलं?”

“मालनकाकूंनी.”

“त्यांच्या डोळ्याला तर पट्टी आहे.”

“हो,” मी म्हटलं, आणि पानावर बसले. आता उठेपर्यंत बोलायचं नव्हतं. हे दाराशी गेले. मग वाकून त्यांनी पहिलं खोकं उचललं आणि परत दिवाणाखाली ढकललं.